परवाना कोणाच्या नावावर?

कर्जत-खालापूरच्या माणसाने पोटासाठी घरापासून दूर जावे, यात नवे काहीच नाही. भिसेगावसारख्या, कर्जत स्थानकाला लागून असलेल्या वस्तीतून पिढ्यान्पिढ्या माणसे पहाटेची लोकल धरून मुंबईला कामाला जात आली. त्यानंतर आखाताची वाट उघडली. अलीकडे खोपोली-खालापूर पट्ट्यातील कारखान्यांत हात तयार झालेला फिटर, वेल्डर किंवा हिशेबनीस नायजेरिया, घाना अशी नावे घेऊ लागला आहे. अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक म्हणून अशी नेमणूकपत्रे वाचून दाखवण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येते. पगार किती, राहण्याची सोय काय, व्हिसा आला की नाही, एवढे प्रश्न पालक आवर्जून विचारतात. परंतु त्या देशात राहण्याचा जो परवाना मिळणार, तो खऱ्या अर्थाने कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे आणि त्याचा संबंध केवळ परदेशी जाणाऱ्यांशी नाही. तो आपल्या देशाच्या नीतीशीही आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. व्हिसा म्हणजे देशाच्या दारातून आत येण्याची मुभा. आत आल्यावर तेथे राहण्याचा व काम करण्याचा परवाना ही वेगळी गोष्ट होय. नायजेरियाची पद्धत पाहिली तर हा भेद नीट कळतो. तेथे परदेशी माणूस नोकरीसाठी स्वतः अर्ज करू शकत नाही. आधी कंपनीने गृहमंत्रालयाकडून परदेशी नोकरांच्या ठरावीक जागा मंजूर करून घ्यावयाच्या. त्या मंजूर जागेच्या आधारे उमेदवाराला 'नंतर नियमित करावयाच्या अटीवर' असा व्हिसा मिळतो. तो घेऊन नायजेरियात उतरल्यावर नव्वद दिवसांच्या आत निवास परवाना व परदेशी नागरिकाची नोंद एकत्र असलेले ओळखपत्र काढावे लागते. त्याला तेथे 'सेरपॅक' म्हणतात. या साऱ्या कागदपत्रांत मालकाचे एक पत्र असते. या माणसाच्या वास्तव्याची सर्व जबाबदारी आपण घेत आहोत, असे मालक त्यात सरकारला लिहून देतो. नोकरी बदलावयाची असेल तर जुन्या मालकाचे 'हरकत नाही' असे पत्र व नव्या मालकाकडे मोकळी मंजूर जागा, ही दोन्ही जुळून यावी लागतात. ती जुळली नाहीत तर नोकरी सुटताच राहण्याचा आधारही सुटतो.

घानाची व्यवस्था तपशिलात निराळी असली तरी तिची रीत याच जातीची आहे. २००० सालच्या घानाच्या कायद्यात परदेशी माणसासाठी चढत्या पायऱ्या आहेत. मुदतीचा निवास परवाना ही पहिली पायरी. काही वर्षे कायदेशीर वास्तव्य केलेल्यास अनिश्चित काळाचा निवास, ही दुसरी. गुलामीच्या व्यापारामुळे जगभर विखुरलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना कायम वास्तव्याचा हक्क, ही तिसरी. यातील शेवटच्या तरतुदीत इतिहासाची जी जाण दिसते, तिचे आपण मोकळ्या मनाने कौतुक केले पाहिजे. परंतु नोकरीसाठी येणाऱ्याचे स्थान पहिल्या पायरीवरच राहते आणि मालकाने अर्ज केल्याशिवाय ती पायरीही त्याला चढता येत नाही.

भांडवल घेऊन येणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. घानाने २०१३ साली केलेल्या गुंतवणूक प्रोत्साहन कायद्यात रकमेनुसार माणसांची संख्या ठरवून दिली होती. पन्नास हजार ते अडीच लाख डॉलर भरणा भांडवल असलेल्या उद्योगास एक परदेशी माणूस, त्यापुढे पाच लाखांपर्यंत दोन, सात लाखांपर्यंत तीन आणि सात लाखांच्या वर चार. या जागा आपोआप मिळावयाच्या. डॉलरच्या हिशेबात माणसाच्या निवासाची किंमत ठरवण्याचा याहून सरळ नमुना सापडणे कठीण. भांडवलाला निवास हक्काने मिळतो, श्रमाला तो मालकाच्या मर्जीने मिळतो, हे या सर्व व्यवस्थेचे सार आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या देशांनी असे कायदे का केले, ते समजून न घेता त्यांना नावे ठेवणे अन्यायाचे होईल. परकी सत्ता गेली तेव्हा पश्चिम आफ्रिकेतील आयात-निर्यात, बँका व मोठा व्यापार युरोपीय कंपन्यांच्या हाती होता. मधल्या थरात लेबनॉनचे व आपले सिंधी व्यापारी होते. १९७२ व १९७७ साली नायजेरियाने उद्योगांचे स्वदेशीकरण करणारे हुकूम काढले, ते या पार्श्वभूमीवर. परदेशी तंत्रज्ञाच्या प्रत्येक जागेसोबत दोन नायजेरियन माणसांना ते काम शिकवले पाहिजे, ही तेथील अट मला तर अनुकरणीय वाटते. बाजारातील किरकोळ विक्री, फेरीचा धंदा, केशकर्तनालये हे व्यवसाय घानाने आपल्या नागरिकांसाठी राखून ठेवले. त्यातही गैर काही नाही. लघुउद्योगांसाठी वस्तू राखीव ठेवण्याचे धोरण आपणही अनेक दशके चालवले होते.

परंतु जनतेचा रास्त असंतोष सत्ताधाऱ्यांच्या हाती पडला की त्याचे काय होते, हेही याच प्रदेशाने पाहिले आहे. १८ नोव्हेंबर १९६९ रोजी घानाचे पंतप्रधान बुसिया यांच्या सरकारने हुकूम काढला की, निवास परवाना नसलेल्या परदेशी माणसांनी दोन आठवड्यांत तो मिळवावा, नाहीतर देश सोडावा. दोन-दोन पिढ्या तेथे व्यापार व कोकोच्या मळ्यांत मजुरी करणारे नायजेरियन व इतर शेजारी लाखोंच्या संख्येने बाहेर पडले. पुढे नायजेरियात तेलाचा पैसा आला आणि घानाचे मजूर व शिक्षक तिकडे गेले. १९८० नंतर तेलाचे भाव घसरले, तेव्हा जानेवारी १९८३ मध्ये शागारी सरकारने तोच हुकूम उलट दिशेने काढला. दहा लाखांहून अधिक माणसे काही आठवड्यांत घालवून देण्यात आली. त्यांत सर्वाधिक घानाची होती. ज्या स्वस्त चौकड्यांच्या पिशव्यांत त्यांनी आपला संसार कोंबला, त्या पिशव्यांना पश्चिम आफ्रिकेत आजही 'घाना मस्ट गो' याच नावाने ओळखतात. घानाने जावे, असा त्याचा अर्थ. विशेष म्हणजे १९७९ साली पश्चिम आफ्रिकी राज्यांच्या आर्थिक समुदायाने नागरिकांच्या मुक्त संचाराचा करार केला होता आणि हे दोन्ही देश त्यात सामील होते. परंतु त्या कराराने पहिल्या टप्प्यात नव्वद दिवसांचा व्हिसाविना प्रवेश दिला होता. राहण्याचा व काम करण्याचा हक्क पुढच्या टप्प्यांवर ठेवला होता. मजुराला दार उघडे होते, पण घरात जागा नव्हती.

या दोन्ही घटनांतून काय दिसते? मंदी मजुराने आणलेली नव्हती. घानाचे परदेशी चलन आटले होते आणि नायजेरियाचे तेलाचे उत्पन्न घटले होते. परवाना नसलेला मजूर हा सरकारच्या हाताशी असलेला सर्वांत सोपा दोषी होता, एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. परवाना मालकाशी बांधलेला असला तर बिघडते काय? हे समजण्यासाठी आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यातील कातकरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात. जाण्याआधी ती उचल घेतात. एकदा उचल घेतली की हंगाम संपेपर्यंत दुसरीकडे जास्त मजुरी मिळत असली तरी जाता येत नाही. मालक दर पाडतो, हिशेब मालकच लिहितो. वेठबिगार पद्धत कायद्याने १९७६ साली रद्द झाली. कारण मजुरी कमी असणे हा त्या पद्धतीचा मुख्य दोष नव्हता. काम सोडून जाता न येणे हा होता. मालकाच्या नावाशी बांधलेला निवास परवाना म्हणजे सरकारी शिक्का मारलेली उचलच होय. पाय घट्ट बांधण्याचे काम एका ठिकाणी कर्ज करते, दुसऱ्या ठिकाणी कागद करतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर जेथे श्रम विकत घेणारा एकच असतो, तेथे मजुरी श्रमाच्या उत्पादकतेपेक्षा खाली राहते. कारखान्यांच्या शहरात मालक शंभर असले तरी परवाना ज्याच्या नावावर आहे, त्या कामगाराच्या दृष्टीने मालक एकच असतो. याचा अनुभव नायजेरियात अलीकडेच येण्यासारखी परिस्थिती निर्माण झाली. जून २०२३ मध्ये तेथील सरकारने नायरा या चलनाचा दर बाजारावर सोडला. डॉलरला सुमारे ४६० नायरा हा भाव वर्षभरात १,४०० च्या पुढे गेला. ज्याचा पगार नायरात ठरला होता, त्याचे घरी पाठवण्याचे पैसे एक तृतीयांशावर आले. मोकळा कामगार अशा वेळी वाढ मागतो किंवा नोकरी बदलतो. बांधलेल्या कामगाराला हा सारा तोटा मुकाट्याने सोसावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये नायजेरियाने परदेशी नोकरांमागे कंपन्यांवर वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरचा कर जाहीर केला आणि मार्चमध्ये तो स्थगित केला. असा कर अखेर कोणाच्या पगारातून वसूल झाला असता, हे सांगण्यास पदवीची आवश्यकता नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. घरच्या माणसांना काम नसताना बाहेरच्यांना मोकळीक कशासाठी? परंतु स्थानिक कामगाराचे नुकसान नेमके कशाने होते? शेजारी उभा असलेला परदेशी कामगार तक्रार करू शकत नाही, संघटनेत येऊ शकत नाही, सोडून जाऊ शकत नाही, यामुळे होते. मालकाला तोच स्वस्त पडतो. परदेशी कामगाराला मालक बदलण्याचा हक्क मिळाला की त्याची मजुरी स्थानिकांच्या बरोबरीला येते आणि त्याला केवळ स्वस्त म्हणून ठेवण्याचे कारणच उरत नाही. किती माणसे येऊ द्यावी, हे ठरवण्याचा अधिकार राष्ट्राला आहे. आलेल्या माणसाला एका मालकाच्या दावणीला बांधण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत मालकांच्या सोयीची आहे.

आता आपण स्वतःच्या घरात डोकावून पाहू. भारतात नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्या परदेशी माणसाला, काही अपवाद वगळता, वर्षाला किमान सव्वासोळा लाख रुपये पगार असावा लागतो आणि येथे असताना मालक बदलता येत नाही. मूळ कंपनी व तिची उपकंपनी यांच्यातील बदली एवढीच सवलत. दुसरीकडे २०१६ साली आपल्या सरकारने परदेशी गुंतवणूकदारांसाठी कायम निवासाची योजना काढली. दीड वर्षात दहा कोटी किंवा तीन वर्षांत पंचवीस कोटी रुपये गुंतवावे, दरवर्षी वीस भारतीयांना काम द्यावे आणि दहा वर्षांचा निवास घ्यावा. घानाच्या डॉलरच्या पायऱ्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

गोव्यात २०१३ साली जे घडले, ते या संदर्भात आठवणे अगत्याचे आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस बार्देशातील पर्रा येथे एका नायजेरियन नागरिकाचा खून झाला. संतापलेल्या देशबांधवांनी ३१ ऑक्टोबरला पर्वरी येथे राष्ट्रीय महामार्ग अडवला. महामार्ग अडवणे चूक होते आणि अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्यांवर, मग ते कोणत्याही देशाचे असोत, कारवाई झालीच पाहिजे. परंतु पुढे काय झाले? खुनाचा तपास मागे पडला आणि नायजेरियन माणसांची कागदपत्रे हाच मुख्य विषय झाला. राज्याच्या एका मंत्र्याने त्या समाजाची तुलना कर्करोगाशी केली. घरे भाड्याने न देण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा नायजेरियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याने इशारा दिला की, हे थांबले नाही तर नायजेरियात राहणाऱ्या भारतीयांना रस्त्यावर यावे लागेल. त्या इशाऱ्यावर आपल्याकडे संताप व्यक्त झाला. तो इशाराही तितकाच निंद्य होता, कारण एकाच्या अपराधाचा दंड दुसऱ्याला हा न्याय नव्हे. तथापि पर्वरीतील नायजेरियन व लागोसमधील महाराष्ट्रीय हे एकाच प्रकारच्या कागदावर उभे आहेत, हे सत्य त्या इशाऱ्याने उघडे केले. एका ठिकाणी तो कागद फाडला की दुसऱ्या ठिकाणीही तो फाटू लागतो.

कागदपत्रांच्या बाबतीतही विचार करावा. व्हिसाची मुदत संपते, त्याच वेळी खटला चालू असेल तर देश सोडता येत नाही आणि कामही करता येत नाही. मग असा माणूस जगतो कशावर? बेकायदा धंद्याकडे ढकलणारी व्यवस्था आपणच उभी करावयाची आणि नंतर त्या वंशाच्या सर्वांना गुन्हेगार ठरवावयाचे, ही नीती नव्हे. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा देशात लागू झाला. १९२०, १९३९ व १९४६ सालचे इंग्रजी अमदानीतील कायदे त्याने रद्द केले, हे ठीक. परंतु आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी माणसावरच टाकणारे जुने तत्त्व त्यात कायम राहिले. साम्राज्याने संशयितांसाठी जी पद्धत बनवली, तीच स्वतंत्र देशाने चालू ठेवली. ज्या रायगड जिल्ह्यात मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत होते, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या माणसांचे वंशज जेथे शतकानुशतके नांदले, तेथील नागरिकाला तरी आफ्रिकी माणूस परग्रहावरचा वाटू नये.

आंतरराष्ट्रीय करारांची स्थिती तर आपल्याला खाली पाहावयास लावणारी आहे. स्थलांतरित कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा करार संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली संमत केला आणि तो २००३ पासून अमलात आला. अधिकृत सरकारी अधिकाऱ्याखेरीज कोणीही कामगाराचे पारपत्र काढून घेऊ नये, असे त्याचे एकविसावे कलम सांगते. घानाने या कराराला २००० साली मान्यता दिली, नायजेरियाने २००९ साली. जगात सर्वाधिक माणसे परदेशी कामाला पाठवणाऱ्या भारताने ती दिलेली नाही. आपल्या माणसाचे पारपत्र लागोस किंवा तेमा येथील मालकाने कपाटात ठेवले, तर त्या देशाने मान्य केलेल्या कराराचा दाखला आपण कोणत्या तोंडाने देणार?

आपला १९८३ सालचा उत्प्रवासी कायदा अठरा देशांत जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारांचे करार तपासतो. दहावी उत्तीर्ण झालेल्यास ही तपासणी लागत नाही आणि नायजेरिया, घाना यांसारखे पश्चिम आफ्रिकेचे देश त्या यादीतच नाहीत. म्हणजे तिकडे जाणारा खालापूरचा वेल्डर शिकलेला असो वा नसो, त्याचा करार कोणीच पाहत नाही. या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचा मसुदा सरकारने २०२५ साली लोकांपुढे ठेवला. देशांची यादी व शिक्षणाची अट बाजूला ठेवून प्रत्येक श्रमिकाच्या कराराची नोंद व्हावी, तो करार मराठीत मिळावा, त्यात पगाराचे चलन आणि परवान्याचे शुल्क कोणी भरावयाचे हे लिहिलेले असावे, एवढी मागणी कामगार संघटनांनी तरी लावून धरली पाहिजे. त्याच जोडीला १९९० च्या कराराला मान्यता द्यावी आणि येथे काम करणाऱ्या परदेशी माणसालाही मालक बदलण्यासाठी ठरावीक मुदत व निर्वासनाविरुद्ध दाद मागण्याचा प्रत्यक्ष उपयोगी पडेल असा मार्ग द्यावा. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. कामगाराला मालकाच्या परवानगीविना नोकरी बदलता येणार नाही, ही अट आखातात दगडावरची रेघ समजली जात होती. कतारने ती २०२० साली कायद्यातून काढली. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, तरी मुळातली अट हलू शकते हे सिद्ध झाले.

कायदे बदलतील तेव्हा बदलतील. तोवर नेमणूकपत्र घेऊन येणाऱ्या पालकांना मी चार प्रश्न विचारण्यास सांगतो. कंपनीकडे परदेशी माणसाची मंजूर जागा खरोखर आहे काय? पगार कोणत्या चलनात? परवान्याचा व परतीच्या तिकिटाचा खर्च कोणाचा? आणि पारपत्र कोणाजवळ राहणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'कंपनीजवळ' असे आले तर त्या नोकरीचा पुन्हा विचार करावा. भारतीय पारपत्र कायद्याने केंद्र सरकारच्या मालकीचे असते आणि ते बाळगण्याचा अधिकार ज्याच्या नावाने ते दिले त्यालाच आहे. कोणत्याही मालकाला ते अडकवून ठेवता येत नाही.

हेच चार प्रश्न आपल्या कारखान्यात, हॉटेलात, महाविद्यालयात काम करणाऱ्या परदेशी माणसाच्या वतीने विचारण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे. ती तयारी नसेल तर आपल्या मुलांसाठी परक्या देशाकडे न्याय मागताना आपल्या आवाजात जोर येणार नाही.